ॲसिड काढून टेट्राझोल बसवलं तरी गोळी चालते, मग "सारखं" म्हणजे नेमकं काय?

उदगीरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. एम फार्म पहिल्या वर्षाला आहे, नांदेडला रूम करून राहतो. परवा सेमिनार झाला, विषय होता बायोआयसोस्टेर, म्हणजे औषधाच्या रेणूतला एक ग्रुप काढायचा अन त्याच्यासारखाच दुसरा बसवायचा. पीपीटी झकास केली होती, मोठ्ठं टेबल, हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन, बेंझीनच्या जागी थायोफीन, एस्टरच्या जागी अमाइड, ॲसिडच्या जागी टेट्राझोल, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. शेवटी मॅडमनी एकच विचारलं, सारखा म्हणजे कशात सारखा? मी म्हणलं साइज अन इलेक्ट्रॉन. त्या म्हणल्या बरं, फळ्यावर ॲसिड ग्रुप काढ, बाजूला टेट्राझोल काढ, अन सांग काय सारखं दिसायलंय. काढलं. एकीकडं एक कार्बन दोन ऑक्सिजन, दुसरीकडं पाच कोपऱ्यांची रिंग अन तिच्यात चार नायट्रोजन. ना आकार जुळंना ना अणू जुळंनात. खडू हातात धरून उभा राहिलो, मागं पोरं खुदुखुदु हसायलेली.

सोमवारी परत सांगायचंय. पुस्तकात व्याख्या आहे पण व्याख्या पाठ करून हे सुटणार नाही हे कळलंय. दोन गोष्टी डोक्यात बसंना गेल्यात. एक, हे दोन ग्रुप सारखे कामून म्हणायचे. अन दुसरी त्याहून बेसिक, जर सारखेच असतील तर बदलायचे तरी कशाला? चांगली चालणारी मोटर काढून तशीच दुसरी कोण बसवतं?

वाळूज_नाइटशिफ्ट

भाऊ तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी आहे, त्याच्यातच उत्तर आहे बघ. मी संभाजीनगरला बल्क ड्रगमध्ये आहे, बरीच वर्षं सार्टन (लोसार्टनसारखी बीपीची औषधं) लाइनवर काढलीत, त्यामुळं टेट्राझोलशी माझं जुनं भांडण आहे.

आधी सारखं काय ते. फळ्यावर काढलेलं चित्र विसर, कारण रिसेप्टर, म्हणजे शरीरातल्या प्रोटीनची ती खाच जिथं औषध जाऊन बसतं, तो काय फळा बघत नाही. ॲसिड ग्रुप त्या खाचेत जाऊन काम काय करतो तर स्वतःचा प्रोटॉन सोडून देतो, मायनस होतो, अन समोर प्रोटीनमध्ये जो प्लसवाला असतो त्याला धरून बसतो. एवढीच त्याची नोकरी. आता टेट्राझोलचा पीकेए बघ (प्रोटॉन किती सहज सुटतो त्याचा आकडा, कमी तेवढा सहज), पाचच्या जरा आत, ॲसेटिक ॲसिडचा ४.७६, म्हणजे शेजारी शेजारीच. रक्ताचा पीएच ७.४, तिथं टेट्राझोलचे हजारातले तीनएक सोडले तर बाकी सगळे मायनस होऊन फिरायलेत, ॲसिडचंही तेच. दोन्ही सपाट आहेत. म्हणजे समोरच्या प्लसवाल्याला विचारलं तर तो म्हणंल मला काय फरक पडंना. घरात चिंच संपली की आई वरणात आंबाडी टाकते, पानाचा अन शेंगेचा आकार काय जुळतो का? आंबटपणा जुळतो.

आता बदलायचं कशाला. ॲसिडमध्ये मायनस चार्ज दोन ऑक्सिजनवर गच्च बसलेला असतो, टेट्राझोलमध्ये तोच चार्ज अख्ख्या रिंगभर पसरतो. पसरलेला चार्ज पाण्याला तेवढा घट्ट धरत नाही, त्यामुळं टेट्राझोलवालं रूप तेलकट पडद्यातून जायला ॲसिडपेक्षा बरं, साधारण दहापट म्हणतात. लोसार्टनच्या वेळी ड्यूपाँटच्या लोकांनी आधी ॲसिडवालाच रेणू केला होता, मग तिथं टेट्राझोल बसवलं तर तोंडावाटे दिल्यावर ते बरंच जास्त चाललं. १९९५ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, त्या जातीचं पहिलं औषध. दुसरं म्हणजे लिव्हर. ॲसिड दिसलं की लिव्हर त्याला ग्लुकुरोनाइड (साखरेसारखा एक तुकडा) चिकटवून बाहेर काढायला बघतं, अन ॲसिडचं ते ग्लुकुरोनाइड कधी कधी स्वतःच खोड्या करतं, प्रोटीनला जाऊन चिकटतं. टेट्राझोलला तो त्रास कमी.

तर गणित असं आहे की रिसेप्टरला वाटलं पाहिजे तोच माणूस आलाय, अन आतड्याला, लिव्हरला वाटलं पाहिजे हा कोण नवीन. दोघांनाही सारखाच वाटला तर बदलण्यात अर्थ नाही, दोघांनाही वेगळा वाटला तर औषधच गेलं.

आता माझं भांडण. कागदावर ॲसिड खोडून टेट्राझोल काढायला पेन लागतं, प्लँटमध्ये सोडियम अझाइड लागतं. नायट्राइलवर अझाइड घालून ती रिंग बंद करायची. अझाइड म्हणजे जहर तर आहेच, ॲसिडशी गाठ पडली की हायड्रॅझोइक ॲसिडचा वायू, अन तांबं, शिसं असलं काही लागलं की त्या धातूचं अझाइड बनतं जे नुसत्या धक्क्यानं फुटतं. आमच्याकडं अझाइड काढायचा चमचासुद्धा प्लास्टिकचा. एकदा एका नवीन फिटरनं लाइनवर गळती होती म्हणून स्टोअरमधनं मिळाला तो पितळी व्हॉल्व्ह बसवला. व्हॉल्व्ह चकचकीत नवा, आटे बरोबर जुळलेले, थेंब गळत नव्हता. शिफ्ट इंचार्जनं तो पिवळा रंग लांबनं बघितला अन अख्खा ब्लॉक रिकामा केला. पितळात तांबं असतं भाऊ. कंपनीचं नाव विचारू नकोस. पण "फिट बसतो" अन "चालतो" यात काय फरक आहे ते मला त्या दिवशी कळलं, पुस्तकानं नाही.

गंगाखेड_मेडिकलवाला

वाळूजकर सगळं पटलं पण एक सांगा. माझ्या काउंटरवर लोसार्टनपेक्षा टेल्मिसार्टन लई जास्त जातंय, आता तर कुणाचंही बीपीचं कागद आलं की टेल्मी काहीतरी असतंच. अन डिप्लोमाला शिकलेलं अजून आठवतंय मला, टेल्मिसार्टनमध्ये टेट्राझोल नाहीच, तिथं सरळ ॲसिड ग्रुपच आहे. चोवीस तास चालतं. मग ॲसिड वाईट अन टेट्राझोल चांगलं हे कसं काय? पोरगं सोमवारी हे बोललं अन मॅडमनी टेल्मिसार्टन काढलं तर परत खडू धरून उभा राहील.

वाळूज_नाइटशिफ्ट

@गंगाखेड_मेडिकलवाला शंभर टक्के बरोबर, मी जरा एकतर्फी बोललो. टेल्मिसार्टनचा बाकीचा रेणू एवढा तेलकट आहे, दोन दोन बेंझिमिडॅझोल, की ॲसिड ठेवूनही तो पडदे पार करतो. अन ॲसिड असल्यामुळं तो ग्लुकुरोनाइड होऊनच पित्तातून बाहेर पडतो, किडनीवर जवळजवळ भारच नाही, म्हणजे जी खोड होती तीच तिथं सोय झाली.

आणि लोसार्टनचीच गंमत ऐका. टेट्राझोल बसवून ॲसिड काढलं खरं, पण त्याच रेणूत दुसऱ्या टोकाला, इमिडॅझोल रिंगवर एक साधं अल्कोहोल आहे, ते लिव्हरमध्ये गेलं की ऑक्सिडाइज होऊन ॲसिड होतं! अन ते ॲसिडवालं रूप मूळ लोसार्टनपेक्षा दहा ते चाळीस पट जोरदार, टिकतंही जास्त, सहा ते नऊ तासांचं हाफ लाइफ (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ), मूळ लोसार्टनचं दोन तास. म्हणजे एका दारानं ॲसिडला हाकललं, दुसऱ्या दारानं लिव्हरनं परत आणून बसवलं. त्यामुळं ग्रुप चांगला की वाईट असं टेबल करूच नये, कोणत्या रेणूत, कोणत्या जागी, तेवढं बोलावं.

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

पोरांनो, चर्चा चांगली चाललीय, थोडं म्हाताऱ्याचं ऐका. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, टाइप करायला वेळ लागतो, चुका संभाळून घ्या.

ही सारखेपणाची कल्पना औषधवाल्यांची नाही, मूळ लँगम्युअरची, १९१९ सालची. त्यानं आयसोस्टेर शब्द काढला, इलेक्ट्रॉन तेवढेच अन मांडणी तशीच असलेले रेणू. त्याची आवडती जोडी कोणती तर नायट्रोजन वायू अन कार्बन मोनॉक्साइड. दोघांत १४ इलेक्ट्रॉन, वजन २८, एक उकळतो उणे १९६ ला तर दुसरा उणे १९१ च्या आसपास. मी वर्गात हे सांगून झाल्यावर विचारायचो, मग आपण श्वासात ७८ टक्के नायट्रोजन घेतो त्याच्या जागी मोनॉक्साइड घेतला तर? सगळा वर्ग गप्प. थंडीत शेगडी आत घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती त्याच आयसोस्टेरमुळं. थर्मामीटरला जे सारखं ते हिमोग्लोबिनला सारखं नाही. पुढं १९५१ च्या सुमारास फ्रीडमननं समोर बायो लावलं, म्हणजे सारखेपणा ठरवायचा अधिकार थर्मामीटरकडनं काढून शरीराला दिला. तुझ्या मॅडमना हेच पाहिजे असणार.

आता घरचं उदाहरण देतो. आमच्या वडलांना साखर होती. पूर्वी टोल्ब्युटामाइड मिळायची, दिवसातनं दोन तीनदा घ्यावी लागे, कारण तिचं हाफ लाइफ चार ते सात तास. वडील शेतात असले की दुपारची गोळी हमखास चुकायची. मग क्लोरप्रोपामाइड सुरू झाली, सकाळी एकच. घरात सगळे खूश. रेणू बघशील तर दोन्ही सख्ख्या बहिणी, बेंझीनच्या टोकाला एकीत मिथाइल, दुसरीत क्लोरिन (शेपटीत एक कार्बनही कमी आहे, पण खरी गोष्ट या टोकाची). मिथाइल अन क्लोरिन साइजला जवळपास, दोघांनाही पाण्याचं वावडं, स्वादुपिंडाच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही. पण लिव्हरच्या दृष्टीनं? तिथं २सी९ नावाचं एन्झाइम आहे, ते मिथाइलला धरतं, आधी अल्कोहोल करतं, मग ॲसिड, मग लघवीवाटे बाहेर. क्लोरिनला धरायला त्याला जागाच नाही. हाफ लाइफ गेलं ३६ तासांवर.

आषाढी एकादशी होती. वडलांनी नेहमीप्रमाणं सकाळी गोळी घेतली अन दिवसभर उपवास, रताळ्याच्या दोन फोडी अन चहा. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं हाक मारली, वडील घामानं भिजलेले, मला माझ्या काकाच्या नावानं हाक मारायलेले. आईनं गुळाचं पाणी पाजलं, अर्ध्या तासात माणूस उठून बसला, आम्ही म्हणलं सुटलो. दुपारी बारा वाजता परत तेच. गूळ तासाभरात संपला होता, गोळी अजून अर्धी अंगातच होती. मग दवाखान्यात रात्रभर सलाइन. त्या वेळी मी एमएस्सी होऊन बसलेला माणूस, दोन्ही रचना मला पाठ होत्या, अन मिथाइलच्या जागी क्लोरिन म्हणजे काय हे मला त्या खाटेशेजारी बसून समजलं. म्हाताऱ्या माणसांना ही गोळी नको असं नंतर सगळीकडंच सांगू लागले.

आता याच्या बरोबर उलटं बघ. सेलेकॉक्सिब, सांधेदुखीची. ती शोधताना त्याच जागी आधी हॅलोजनवाले रेणू केले होते, जोरदार चालले, पण जनावरांच्या अंगात ते दिवसेंदिवस तसेच राहायले, जाईनात. मग मुद्दाम तिथं मिथाइल बसवलं, लिव्हरला धरायला कान मिळावा म्हणून. कान धरणारं एन्झाइम पुन्हा तेच, २सी९. माणसात हाफ लाइफ अकरा तासांच्या आसपास आलं. म्हणजे एकाच अदलाबदलीनं एकानं औषध लांबवलं, दुसऱ्यानं आखडलं.

चहा_बिस्किट

एवढं सगळं लिहून सेमिनारला मार्क किती असतात? दहा?

उदगीरचा_पोरगा

@चहा_बिस्किट पंचवीस 😄

मास्तर, तुमची वडलांची गोष्ट दोनदा वाचली. आमच्या आजीला पण शुगर आहे, तिची गोळी कोणतीय ते लगेच फोन करून विचारलं, ग्लिमेपिराइड निघाली. उपवास मात्र तीबी सोडंना, ते वेगळं.

आता थोडं थोडं डोक्यात शिरायलंय. म्हणजे प्रत्येक ग्रुपला दोन गिऱ्हाइकं आहेत असं समजायचं, एक रिसेप्टर अन एक लिव्हर?

शेतीची_ताई

दोनच कामून, जास्त बी असतात. मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकले, आता परतूरकडं आमचं कृषी सेवा केंद्र आहे, मिस्टर अन मी मिळून बघतो. तुमच्या औषधांचं मला कळत नाही पण आमच्या औषधांचं कळतं, शेतकरी तर फवारणीलाही औषधच म्हणतात.

कपाशीवर मावा तुडतुडे आले की दोन बाटल्या सगळ्यात जास्त मागतात, इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल अन ॲसिटामिप्रिड २० एसपी (ही पुडीत येते, सवयीनं बाटली म्हणलं). दोन्ही एकाच खानदानातल्या. दोघींच्या एका टोकाला तीच क्लोरोपिरिडीन रिंग. दुसऱ्या टोकाला इमिडामध्ये नायट्रो, ॲसिटामध्ये सायनो. माव्याला विचाराल तर दोन्ही सारख्याच, दोन्हीनं मरतो. पण मधमाशीला विचारा! इमिडाक्लोप्रिड अंगावर पडलं तर माशीला मारायला साधारण १८ नॅनोग्रॅम पुरतात, ॲसिटामिप्रिडला ७ मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे चारशे पटीच्या जवळ. कारण रिसेप्टर नाही, कारण माशीच्या पोटातली एन्झाइमं, ती सायनोवाल्याला पटापट तोडतात, नायट्रोवाल्याला तसं तोडता येत नाही. युरोपात २०१८ ला इमिडा, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन या तिन्ही नायट्रोवाल्या उघड्या शेतात बंद केल्या, ॲसिटा अजून चालू आहे. (थायाक्लोप्रिड म्हणून अजून एक सायनोवाली होती, माशीला बरी, पण माणसाच्या दृष्टीनं शंका आल्या म्हणून तिची मुदत वाढवली नाही. गिऱ्हाइकं जास्त असतात म्हणलं ते यासाठीच.)

आता प्रॅक्टिकलमधली गोष्ट. डाळिंबाच्या बागेत अन कांद्याच्या बीजोत्पादनात लोक माश्यांच्या पेट्या ठेवतात. एक दादा आमच्याकडं आले, ताई तुम्हीच म्हणला ॲसिटा माशीला बरं, तरी पेटीसमोर माश्यांचा सडा पडलाय. मी म्हणलं पंपात अजून काय होतं? आधी म्हणले काही नाही. मग खिशातनं चिठ्ठी काढली, त्याच टाकीत प्रोपिकोनॅझोल पण घातलेलं, बुरशीसाठी, एका फेरीत दोन कामं. झालं ना. ॲझोल जातीची बुरशीनाशकं नेमकी तीच तोडणारी एन्झाइमं अडवतात. लॅबमध्ये दोन्ही एकत्र दिल्यावर ॲसिटाचा माशीवरचा विषारीपणा शंभरपटीनं वाढलेला आहे. म्हणजे सायनो बसवून जी सूट मिळाली होती ती एका मिश्रणानं धुऊन गेली. तेव्हापासून आमच्या काउंटरवर पुठ्ठ्यावर लिहून लावलंय, फुलोऱ्यात एकत्र मारू नका. वाचतं किती जण ते सोडा.

अन निकोटिनशी तुलना करून बघा. ही सगळी खानदान निकोटिनच्याच रिसेप्टरवर बसते. निकोटिन अंगात प्लस होतं, अन माणसाला किड्याला दोघांनाही लागतं. या औषधांत प्लस नाही, उलट टोकाला मायनसकडं झुकलेलं नायट्रो नाहीतर सायनो. किड्याच्या रिसेप्टरमध्ये ते टोक धरायला प्लसवाली जागा आहे, आपल्यात तशी नाही. म्हणून माणसाला त्या मानानं कमी धोका. याचा अर्थ तोंडाला न बांधता फवारा असा नाही, तेवढं कळावं.

वाळूज_नाइटशिफ्ट

ताई एक नंबर!! तुम्ही सायनो अन नायट्रोचं काढलं अन मला एकदम दुसरीच जोडी आठवली, सिमेटिडीन अन रॅनिटिडीन. ऐका, हे शुद्ध आमच्या लाइनचं आहे, अन अगदी तुमच्याच दोन ग्रुपांचं.

पोटातलं ॲसिड कमी करायचं औषध जेम्स ब्लॅकच्या टीमला पाहिजे होतं. त्यांच्याकडं मेटियामाइड नावाचा रेणू तयार होता, चालतही होता, पण त्यात थायोयुरिया होतं, सल्फरवालं, अन काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी कमी व्हायल्या. सल्फर काढणं भाग. सल्फरच्या जागी नायट्रोजन घातला तर ग्वानिडीन होतं, आकार अगदी तोच, फळ्यावर काढलं तर सेम टू सेम, उदगीरकर तू खूश झाला असतास. पण ग्वानिडीन कडक बेस, पीकेए तेराच्या वर, अंगात कायम प्लस. थायोयुरियावर चार्जच नसतो. म्हणजे चित्र जुळलं, स्वभाव जुळंना. मग त्यांनी त्या नायट्रोजनवर एक सायनो लटकवला. सायनो इलेक्ट्रॉन एवढे ओढून घेतो की त्या ग्वानिडीनचा बेसपणाच संपतो, पीकेए शून्याच्या आसपास. आता सायनोग्वानिडीन कागदावर थायोयुरियापेक्षा लांबट, अवजड दिसतं, पण चार्ज नाही, सपाट आहे, दोन एनएच त्याच जागी. सिमेटिडीन झालं. १९७६ ला इंग्लंडात आलं, अल्सरची कितीतरी ऑपरेशनं त्यानं वाचवली, अन ब्लॅकला १९८८ ला नोबेल मिळालं, प्रोप्रॅनोलॉल अन हे, दोन्ही औषधांसाठी.

मग १९८१ ला दुसऱ्या कंपनीचं रॅनिटिडीन आलं. त्यांनी सायनोवालं टोक काढून नायट्रोवालं बसवलं (बघा ताई!), अन इमिडॅझोल रिंग काढून फ्युरान बसवून त्याला डायमिथाइलअमिनचं शेपूट लावलं. इमिडॅझोल काढायचा फायदा असा की सिमेटिडीनमधला तो इमिडॅझोल लिव्हरच्या एन्झाइममधल्या लोखंडाला जाऊन चिकटायचा, त्यामुळं वॉरफरिनसारखी (रक्त पातळ करणारी) बाकीची औषधं अंगात साठायची. ताईंच्या ॲझोल बुरशीनाशकाचंही मूळ तेच आहे, रिंगमधला नायट्रोजन लोखंडाला धरतो. कपाशीचा पंप अन माणसाचं लिव्हर, एकच दुखणं.

पण शेपूट महागात पडलं. २०१९ ला रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए सापडलं, कॅन्सरवालं नायट्रोसमिन. ते बनायला डायमिथाइलअमिन लागतं अन नायट्रोजनचं ऑक्साइड लागतं, अन या रेणूत दोन्ही एकाच अंगावर बसलेले. २०२० ला अमेरिकेत बाजारातनं काढायला लावलं, कारण दिवस जातील तसं अन उष्णतेनं ते वाढत जातं. सार्टनमध्ये २०१८ ला जे एनडीएमए निघालं ते मात्र वेगळ्या वाटेनं, तिथं टेट्राझोल करताना उरलेलं अझाइड मारायला सोडियम नायट्राइट घालायचे अन डीएमएफ सॉल्व्हंटमधनं डायमिथाइलअमिन सुटायचं. रेणूचा दोष नव्हता, रेसिपीचा होता. त्या वर्षी आम्ही घरी किती वाजता जायचो ते बायकोला विचारा.

गंगाखेड_मेडिकलवाला

उष्णतेचं म्हणलात म्हणून, मे महिन्यात आमच्या शटरच्या आत एसी नसताना काय टेंपरेचर असतं ते काढूच नका, पॅरासिटामॉलची पट्टी हाताला चटका देते. २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतनं रॅनिटिडीन निघालं तरी गिऱ्हाईक अजून नाव घेऊन मागतं, गोळी लहान, स्वस्त, लगेच आराम. मी फॅमोटिडीन पुढं करतो, तर म्हणतात ही तशीच आहे का. आता म्हणावं का त्यांना, तशी म्हणजे कशात तशी? 😂

उदगीरचा_पोरगा

मंडळी, सोमवार झाला. सांगतो काय झालं ते.

टेबलवाली स्लाइड काढूनच टाकली. फळ्यावर टेट्राझोल काढला, पीकेए लिहिला, चार्ज रिंगभर पसरवून दाखवला, मग टेल्मिसार्टन स्वतःहून काढलं, मेडिकलवाले दादा तुमच्यामुळं, मॅडमनी भुवया वर केल्या. मास्तरांच्या वडलांची गोष्ट नाव न घेता सांगितली, वर्ग एकदम शांत. माव्याचं अन माशीचं सांगितलं तर मागच्या बाकावरचं एक पोरगं, ज्याच्या घरी डाळिंब आहे, त्यानं तासानंतर गाठून बुरशीनाशकाचं नाव वहीत लिहून घेतलं.

मग मॅडम उठल्या, खडू घेतला अन म्हणल्या, मागच्या वेळी तुला काहीच सारखं दिसंना, आता उलटं. एक मेथॉक्सी काढली, तिचे तीन हायड्रोजन पुसून तिथं ड्युटेरियम, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन, लिहिले. म्हणल्या साइज तीच, इलेक्ट्रॉन तेवढेच, पीकेए तोच, रिसेप्टरला तर ओळखूच येणार नाही. मग कुणी असं औषध कामून करावं?

मी दोन मिनिटं गप्प. मग तुमचं सगळं आठवलं अन म्हणलं, मॅडम, रिसेप्टरला वेगळं वाटायचं कामच नाही, लिव्हरला वाटलं पाहिजे, ड्युटेरियमचा बॉन्ड तोडायला त्याला जास्त वेळ लागत असंल. त्या म्हणल्या बस खाली. मग त्यांनीच सांगितलं, ड्युटेट्राबेनाझिन, २०१७ ला मंजूर झालेलं पहिलं ड्युटेरियमवालं औषध, हंटिंग्टनच्या (मेंदूचा आजार, हातपाय आपोआप हलतात) पेशंटला साधं टेट्राबेनाझिन दिवसातनं तीनदा लागायचं ते याच्यात दोनदा झालं.

मार्क अजून लावले नाहीत. वाळूजकर, पितळी व्हॉल्व्हची गोष्ट सांगायला वेळच उरला नाही.

वाळूज_नाइटशिफ्ट

व्हॉल्व्ह ठेव व्हायव्हाला. अन ड्युटेरियमवालं मिथाइल आयोडाइड किलोला काय भाव पडतं ते एकदा आमच्या पर्चेसवाल्याला विचार, तो म्हणंल भाऊ साधा हायड्रोजनच बरा, पेशंटला तीनदा आठवण करून देतो मी स्वतः फोन करून.

शेतीची_ताई

😄😄 उदगीरकर, त्या डाळिंबवाल्या पोराला म्हणावं फवारणी संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर. अन पंप धुऊन घे म्हणावं आधी, कालचं बुरशीनाशक तळाला असतंच.